सतरा मिनिटं अंगठा

...अहो, पण बंद करायचं की चालू ठेवायचं, एकदा काय ते ठरवा ना! तुम्हाला सांगतो, आमचं काम म्हणजे हजारभर सर्व्हरच्या खोल्या सांभाळायच्या, कुणाची बँक, कुणाचा दवाखाना, सगळं त्यात. म्हणून आमचे साहेब नाकातून बजावतात, "काही होवो, बंद पडता कामा नये." आणि तपासणीला येणारे अग्निशमन अधिकारी घसा खाकरून, "धूर दिसला, की आधी बंद." आता सांगा, माणसानं ऐकायचं कुणाचं?

परवा सकाळी अकराला चहाचा पहिला घोट घेतोय, तोच भोंगा! दोन नंबरच्या खोलीत धूर. भोंगा वाजला, की तीस सेकंदांत सगळी वीज जाते नि आग विझवणारा गॅस सुटतो. आत माणूस असेल तर दाराबाहेरचं बटण दाबून धरायचं, धरलंय तोवर सगळं थांबतं. धावत गेलो, काचेतून पाहतो तर वायरमन काका! पाठमोरे, पंख्यांची घरघर नको म्हणून कानांत बोळे, तंद्रीत स्क्रू पिळतायत. दाबलं बटण. पण दार चार हात लांब! काकांना आणायला जावं तर अंगठा सुटतो, अंगठा दाबून ठेवावा तर काका आत. त्यात खांद्यावर फोन, साहेब: "काकांना काढ, पण बंद करू नकोस." कसं? ऐकायचं कुणाचं?

शेवटी बूट काढला, पाय ताणला आणि अंगठ्यानं, म्हणजे पायाच्या, भिंतीवरचं त्या खोलीच्या दिव्याचं बटण खालीवर, खालीवर... काका वळले. धूर दिसला. शांतपणे धूर येत होता त्या एका सर्व्हरच्या रांगेचा स्विच पाडला, बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि मला म्हणाले, "दिव्यात काहीतरी बिघाड आहे, बघू का?" माझ्या डोळ्यांत पाणी, अहो!

काका सुटले. धूरही विरत चालला. आता बटण सोडलं तर दवाखान्यांसकट सगळं बंद. नाही सोडलं. अधिकारी येऊन, खोली तपासून यंत्रणा थांबवेपर्यंत सतरा मिनिटं, एक पाय अनवाणी, अंगठा निळा!

दुसऱ्या दिवशी दोन पत्रं. साहेबांचं: एक रांग बंद का पडली? अधिकाऱ्यांचं: बाकीच्या चालू का राहिल्या? ऐकायचं कुणाचं? मी आपलं दोघांनाही एकच उत्तर पाठवलं, "यापुढे काळजी घेईन."

दोघांचाही शेरा आला: खुलासा समाधानकारक.