विहिरीचे न जुळणारे आकडे

तेर गावच्या एसटी थांब्यावर मथुराबाई धाराशिवच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी कॉलेजातली हर्षाली आणि तिच्या गणिताच्या मॅडम एका वहीत डोकं घालून होत्या. मथुराबाईंचे कान तिकडंच.

“मॅडम, विहिरीचं पाणी रोज सकाळी सातला मोजलं. माझ्या सूत्रात एक आठवडा बसतो, पुढचा बसतच नाही. तेवढे आकडे काढून टाकू?”

“का बसत नाहीत, ते शोधलंस?”

“उद्या प्रकल्प मांडायचाय. तुम्हीच सांगा ना.”

“मी सांगितलं तर प्रकल्प माझा होईल. विहीरवाल्यांना विचारलंस?”

“त्यांना कुठं गणित येतं?”

आता मथुराबाईंना राहवलं नाही.

“पोरी, शेतातली लाईट एक आठवडा दिवसा असती, एक आठवडा रातीला. रातभर मोटार चालल्यावर सकाळी सातला विहीर भरलेली कशी दिसंल?”

“मॅडम, तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही गं, मी शहरातली. आजी, ही लाईटची पाळी कोणत्या वारी बदलते?”

“तिला इचारू द्या की, बाई. प्रकल्प तिचा हाय न्हवं?”

हर्षालीनं वहीचं कोरं पान काढलं.

“आजी, कोणत्या वारी?”