आमच्याकडं चूल नाही

तुला सांगते, मोबाईलवरच्या आमच्या ग्रुपातल्या बायकांनी एकमेकींना कधी बघितलेलंसुद्धा नाही. पण नातवाच्या बारशापासून लेकीच्या नव्या घरापर्यंत सगळं तिथं सांगतो आणि रोज ताटाचा फोटो टाकतो. सासूबाई गेल्या त्या दिवशी मी एवढंच लिहिलं, “आज आमच्याकडं चूल पेटायची नाही.”

नागपूरच्या लताताईंचं लगेच उत्तर, “सिलिंडर संपलं का? शेजारणीला मागा ना!”

रडता रडता हसू आलं की गं. मी लिहिलं, “सासूबाई गेल्या हो.”

त्यावर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. लई लागलं मनाला.

संध्याकाळी भावजयीनं मंद्रूपहून आणलेली पिठलं-भाकरी पुढ्यात घेऊन ग्रुप उघडला. ताट एकाही घरचं नव्हतं. नुसत्या शेगड्या, एकीखाली एक, पुसलेल्या, रिकाम्या. लताताईंनी खाली लिहिलं होतं, “आज आमच्याकडेही नाही.”