अकरा वाजताची भरती

...काच लावा हो, खुशाल लावा, माझ्या खिशातलं काय जातंय! पण अकरा वाजता भरती येणार असं माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय त्या काचेमागं, कायमचं, ते समुद्राला विचारलं का कुणी?

तुम्हाला सांगतो, किल्ल्याचा बंदराकडचा दरवाजा आहे ना, त्याच्या कमानीत एक फळा आहे. काळा, दाराएवढा. एकतीस वर्षं रोज सकाळी मी त्यावर खडूनं भरतीची वेळ लिहितो. कारण आमचं बंदर गाळानं भरलेलं, पुरती भरती असल्याशिवाय होडी पायरीला लागत नाही. हिशेब सोपा. कालच्या वेळेत पन्नास मिनिटं मिळवायची, झालं. माझे वडीलही तेच करायचे. मिळवायची, लिहायचं, आणि कमानीतल्या खुर्चीवर बसून पाण्याकडं बघायचं... आणि तुम्हाला म्हणून सांगतो, एकतीस वर्षांत एक चूक नाही! एक!

मग आला सांस्कृतिक परिसर. म्हणजे काय, तर किल्ला आणि बंदर मिळून आता बघायची जागा. दोरखंडांच्या गोदामात कॉफी, मासळीच्या शेडमध्ये चित्रं, आणि जिथं कैदी ठेवायचे तिथं म्हणे डोळे मिटून शांत बसायचं. कैदी दुसरं काय करत होते हो? आणि त्यांचे ते साहेब! तरुण, गोड, दोन्ही हात हवेत. "काका, आपल्याला हे सगळं जिवंत करायचंय!" अरे, पण मेलं कधी होतं? "काका, समुद्राशी लोकांचं नातं जोडायचंय!" जोडा की! पण समुद्राला विचारलं का कुणी?

तर त्यांनी कमानीच्या छताला चुना दिला. शंभर वर्षांची काजळी खरवडून पांढराशुभ्र चुना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो, खडू घेतला, सहज वर बघितलं... आणि काय सांगू तुम्हाला. खालच्या पाण्याचा उजेड वर छतावर हलत होता. हलत म्हणजे, एक सोनेरी रेघ यायची, तिच्या दोन व्हायच्या, दोन्ही एकमेकींत विरायच्या, मग नुसतंच थरथरायचं सगळं. एकतीस वर्षं हा उजेड माझ्या डोक्यावर होता आणि काजळीमुळं मला दिसलाच नव्हता! मान वर, तोंड उघडं, मी कुठं आहे, वार कोणता, काही पत्ता नाही. बोटींचे आवाज लांब लांब गेले. वडील शेजारी उभे आहेत असं वाटलं, खरंच. आणि त्या तंद्रीत हातानं आपलं काम करून टाकलं. काल होती अकरा पन्नासला. आज पाहिजे बारा चाळीस. मी पन्नास मिळवायच्या ऐवजी वजा केली! लिहिलं, भरती अकरा वाजता.

माझा मेहुणा होडी चालवतो. सख्खा, बायकोचा धाकटा भाऊ. माझ्या अक्षरावर डोळे झाकून विश्वास! अकराला आला, आणि पायरीपासून वीस हात लांब गाळात रुतला. चौदा माणसं होडीत. तिथून ओरडतोय, "दाजी! ओ दाजी! पाणी कुठंय?" मी फळ्याकडं बघितलं आणि चूक दिसली.

ओलं फडकं आणायला धावलो. येईपर्यंत साहेबांच्या हाताखालच्या एका चष्मेवाल्या बाईंनी फळ्यावर कसलंसं पाणी फवारून वर काच बसवली होती, चार स्क्रू लावून! "काका, किती अस्सल अक्षर! आता हे कधीच पुसणार नाही!" अहो बाई, तेच तर रडणं आहे! चूक आहे ती! तर साहेब हसून म्हणतात, "काका, लोक वेळ बघायला थोडेच येतात? वेळ मोबाइलवर असते." बरोबर आहे. पण समुद्राला विचारलं का कुणी?

मला गळ्यात कार्ड दिलंय, काम एकच, काचेला हात लावू द्यायचा नाही. माझ्याच चुकीवर मी पहारेकरी! खिशात ओलं फडकं घेऊन बसायचो, वाटायचं, एखादा स्क्रू ढिला होईल. मेहुणा रोज माणसं आणून उभी करायचा. "हे आमचे दाजी. एकतीस वर्षांत एकच चूक, आणि तीच काचेत!" लाज वाटायची हो. खरंच, वडिलांची लाज वाटायची.

असे बारा-तेरा दिवस गेले. एक दिवस खुर्चीत बसलो होतो, डोळा लागल्यासारखं झालं. छतावर उजेड चढलेला, पार टोकापर्यंत. एवढा वर कधी येतो? पाणी पुरतं भरल्यावर. खाली बघितलं तर वरच्या पायरीला पाणी टेकलेलं, अगदी हलकं, न बोलता. आणि मेहुण्याची होडी तरंगत येऊन पायरीला लागली. तो फळ्याकडं बघतोय, घड्याळाकडं बघतोय.

अकरा!

अहो, दिवसाला दोन भरत्या, पन्नास पन्नास मिनिटं सरकत सरकत समुद्र अकरावर फिरून आलाच की! यायचाच होता! इतकी वर्षं मिळवतोय मी, मला कळू नये?

संध्याकाळी घरी सांगितलं. आमची ही भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे महिन्यातून दोनदा तुम्ही बरोबर असता?" म्हटलं, हो! म्हणाली, "मग तिथंच बसत जा. घरात एवढंही जमत नाही." आणि माझ्या खिशातलं फडकं काढून घेऊन ओटा पुसायला लागली.

तेव्हा आता कुणी समुद्राला विचारू नका. पंधरवड्यातून एकदा तो आपणहून येतो, माझी चूक दुरुस्त करतो, आणि जातो. मधले दिवस काय... मी छताकडं बघतो, आणि लोक माझ्याकडं बघतात. तिकीट आहे त्याला.