येसू भोईण आणि खालचा डोह

ऐका रे, जवळ सरका. माझ्या सख्ख्या चुलतीची गोष्ट सांगतो, येसू भोइणीची.

नदीवर वाळू उपसायचे पंप यायचे होते. वनखात्याच्या बाई म्हणाल्या, खालच्या डोहात पाणमांजरं राहत असतील तर पंप लागू देणार नाही. पण दाखवा! वर बंधाऱ्यापाशी खडकाखडकावर त्यांची घाण, माशांच्या खवल्यांनी भरलेली. खालच्या डोहात मात्र कुणी पाहायलाच गेलं नव्हतं. जाणार कोण? तिथं गिऱ्हा! पाण्यातलं भूत. माणूस बुडवतो.

"मी जाते," येसू म्हणाली.

"वहिनी, निदान दिवसा तरी जा!" माझा बाप म्हणाला.

"ती जनावरं अंधारात बाहेर पडतात, भावोजी. दिवसा जाऊन काय ऊन बघू?"

निघाली. हातात बॅटरी. काठावर पोचते न पोचते तोच हाक आली. "येसू, जाळं धर!" मेलेल्या नवऱ्याचा आवाज!

"माझ्या नवऱ्यानं जन्मात मला नावानं हाक मारली नाही," येसू ओरडली. "दुसरं काहीतरी शीक!"

बॅटरी विझली. आणि पायाखालची वाटच पाणी झाली हो! गुडघाभर. कमरेइतकं. समोर काठ दिसतोय, पाय टाकावा तर पाणी. खडक दिसतोय, हात लावावा तर पाणी! थंडगार बोटं घोट्याला बसली. ओढतोय, ओढतोय! पाणी गळ्याशी आलं.

"डोह तुझ्या बापाचा नाही रे, मेल्या!"

तेवढ्यात वास आला. माशांचा, उग्र. भोईणच ती, लगेच ओळखला! पाणमांजरं पाण्यातून चढतात त्याच खडकावर घाण करतात. गिऱ्ह्याला खडक दाखवता येतो, वास कुठून आणणार? तिनं डोळे गच्च मिटले. वासाच्या रोखानं हात मारत सुटली. छातीला खडक लागला. खरा! बोटं सुटेनात, तशी दुसऱ्या पायानं अशी लाथ घातली की घोट्याचं कातडं सोललं, पण निघाली वर.

खडकावर तीन पाणमांजरं. माना उंच करून शिट्ट्या मारतायत!

मागून पाणी बोललं, "परत येशील?"

"उद्याच येते. बाईंना घेऊन!"

गेली, बरं का. बाईंनी खडक पाहिला, घाण पाहिली, लिहून घेतलं. पंप आले नाहीत. तेव्हापासून गावात म्हणतात, डोह पाणमांजरांचा.

पण पोरांनो, अंधार पडल्यावर त्या खालच्या वाटेला पाऊल टाकू नका. डोह पाणमांजरांचा झाला, पण गिऱ्हा काही तिथून गेलेला नाही.