कोंबड्यांचं ऊन पाणी

गिरण्यांच्या संपात आमचे हे मुंबईहून गावी येऊन बसले होते, त्या थंडीतली गोष्ट. कोंबड्यांनी अंडी घालायचं बंद केलं. हे म्हणाले, "आयतं खातात नुसत्या. किंक्रांतीला वडे कर, एकेक कापून संपवू."

मी बघितलं, सकाळच्या गार पाण्याला कोंबड्या चोचसुद्धा लावत नव्हत्या. मग मी रोज न्हाणीच्या हंड्यातलं ऊन पाणी करवंट्यांत ओतून ठेवायला लागले. पोटभर प्यायच्या.

किंक्रांतीला हे सुरी घेऊन खुराड्याशी गेले आणि दोन अंडी घेऊन परत आले. मग आंघोळीला गेले, तर हंडा रिकामा; घरातल्यांच्या आंघोळींतून उरलेलं मी करवंट्यांत ओतलं होतं.

"कोंबड्यांना ऊन पाणी, आणि मी गार पाण्यानं आंघोळ करू?"

म्हटलं, "तुम्ही अंडी घाला, तुम्हालाही देते."