काजळ लावलेली शिवराई

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. मळ काढणं हे पाप, की काढलेला मळ पुन्हा चोपडून ‘आम्ही मूळचेच असे’ म्हणणं हे पाप? लगेच माना डोलवू नका! आधी कऱ्हाडला चला – वासुदेवराव करंदीकरांच्या घरी.

वासुदेवरावांना छंद जुन्या नाण्यांचा. नजर घारीची! कुणी नाणं पुढे केलं, की भिंग लावायचं, उजेडाकडे तिरकं धरायचं – “घासलंय!” संपलं! जुना रंग गेला, की त्यांच्या लेखी नाण्याची किंमत गेली.

एकदा बाबू तांबट आजोबांचं तांब्याचं नाणं घेऊन आला. हौसेनं घासूनपुसून! वासुदेवराव म्हणाले, “बाबूराव, जुनं तांबं चिंचोक्याच्या रंगाचं असतं. हे न्हाऊ घातलेल्या बाळासारखं गुलाबी! हे बारीक ओरखडे पाहा, सगळे एकाच दिशेला. आणि अक्षरांच्या खाचांत मळ तसाच! तोंड धुतलंत, कान विसरलात!” चारचौघांत हशा. बाबू खाली मान घालून गेला.

खुद्द वासुदेवरावांकडे वडिलांची एक शिवराई होती – शिवछत्रपतींच्या नावाचं तांब्याचं नाणं. दोन-अडीचशे वर्षांचा रंग, कुणी बोट लावलेलं नाही. रविवारी गावात नाण्यांचं प्रदर्शन, पहिल्या मेजावर तीच मांडायची! म्हणून पेटीतून काढून ठेवली.

आणि आला मार्गशीर्षातला गुरुवार!

वासुदेवरावांच्या पत्नी मनोरमाबाईंनी घट मांडला. कलशात दूर्वा घातल्या, सुपारी घातली – नाणं? घरात सुटं नाणं सापडेना. तेवढ्यात दिसली शिवराई. काळीकुट्ट! बायांनो, खरं सांगा, देवीच्या कलशात तुम्ही ती तशीच घातली असती? मग! चिंच आणली, मीठ आणलं, वर चिमूटभर रांगोळी – आणि अशी घासली, अशी घासली, की चेहरा दिसावा!

शुक्रवारी सकाळी घट हलवला, आणि बाईंनी शिवराई नवऱ्याच्या हातावर ठेवली. “अहो, किती मळवली होतीत! सांगत जा हो, मी घासून देत जाईन.”

वासुदेवरावांचा आ वासलेला! रागवायचं तरी कसं? देवीच्या कामी लागलेली! मनात एकच – रविवारी बाबू तांबट हसणार!

मग काय सुचलं? ताकात बुडवली – ती आणखी उजळली! तुळशीच्या मातीत पुरली – नुसती मातकट. शेवटी देवघराशेजारच्या फळीवरून काजळाची डबी उचलली, खाचाखाचांत काजळ भरलं, वर तुपाचं बोट फिरवलं. लांबून हुबेहूब!

“अहो, माझी काजळाची डबी पाहिलीत का?”

“मी काय करू काजळ घेऊन!”

बघा हं. नाणं एक, आणि खोटं दोनदा!

रविवारी माणसं जमली. मनोरमाबाई पहिल्या रांगेत. बाबू पुढे झाला, हात जोडून म्हणाला, “रावसाहेब, त्या दिवशी घासलेलं दाखवलंत. आज न घासलेलं कसं ओळखायचं ते या शिवराईवर शिकवा.”

टोमणा नव्हता हो! मनापासून विचारत होता. तेच तर जड गेलं!

वासुदेवरावांनी नाणं उचललं. अंगठा काळा! भिंग लावलं. ओरखडे – सगळे एकाच दिशेला. ‘न घासलेलं’ म्हणावं, तर तीस वर्षांत नजर पहिल्यांदा खोटं बोलणार. ‘घासलेलं’ म्हणावं, तर अब्रू जाणार.

“बाबूराव... हे घासलंय.”

मनोरमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“घासलं ते देवीसाठी, भोळेपणानं. त्यात लबाडी नाही. काजळ मी भरलं. लबाडी ती!”

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बारीक आवाज आला – “म्हणजे माझी डबी तुमच्याकडेच आहे!”

पहिला हसला तो बाबू. आणि मग वासुदेवरावसुद्धा! डोळे पुसत त्यांनी खुर्ची सरकवली. “बसा बाबूराव. तुमच्या आजोबांचं नाणं काढा. त्या दिवशी मी नुसते ओरखडे बघितले, नाणं बघायचं राहिलं.”

तेव्हापासून दर मार्गशीर्षात ती शिवराई कलशात जाते. आणि चिंच कोण भिजवतं? वासुदेवराव!

हसलात? हसा. पण माउलींनो, कपाळी बुक्का लावून आपण सगळे इथे बसलोय, मीसुद्धा. लांबून हुबेहूब भक्त! तो वर भिंग घेऊन बसलाय, एकेकाला उजेडाकडे तिरकं धरतोय. ओरखडे सगळे एकाच दिशेला – ‘माझं, माझं, माझं’! त्यानं ओळखण्याआधी आपणच सांगून टाकू या.

आता आरतीला उभे राहा. आणि घरी गेल्यावर, ज्याची डबी त्याला परत करा!