रत्नाबाईंचं शून्य

इकडे परदेशात, शॉमबर्ग गावच्या दवाखान्यात माझ्या शेजारी रत्नाबाई आणि त्यांचा मुलगा प्रफुल्ल बसले होते. फुप्फुसांच्या जुन्या आजाराची प्रश्नावली मराठीत आणली होती. ती लोकांना कळते का, हे उपासना नावाची मुलगी तपासत होती.

"मावशी, जिना चढताना दम लागतो? शून्य ते पाचमध्ये सांगा."

"शून्य."

"परत शून्य? मावशी, आम्ही फक्त भाषांतर टेस्ट करतोय. बंगालीचंही असंच केलं. डॉक्टरांना दाखवणार नाही."

"कागद कुठून कुठे जातो, सांगता येत नाही बाई. ऑक्टोबरात मला नागपूरला, दीक्षाभूमीला जायचंय. डॉक्टरांनी विमानात बसू नका म्हटलं तर?"

"बरं, प्रश्नाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा."

"सोपा आहे. सहाव्या पायरीवर थांबायचं. कुणी आलंच तर भिंतीवरचा फोटो बघतोय असं दाखवायचं. छातीतली शिट्टी थांबली की वर जायचं."

"आई! तो फोटो तू रोज बघतेस."

"चांगला आलाय रे."

"उपासना, ते शून्य कॅन्सल कर."

"खबरदार! तिनं अर्थ विचारला, मी अर्थ सांगितला. उत्तर शून्यच."

"आई, डॉक्टरांना खरं सांग. प्रवासात ऑक्सिजनचं मशीन लागलं तर मी येतो ना सोबत."

"तू? नागपूरपर्यंत? आणि ऑफिस?"

"सुट्टी घेतो."

"नक्की?"

"नक्की."

"मग पाच लिही, उपासना. आणि मागचे सगळे प्रश्न पुन्हा विचार."